उरलेले बूट नकोत, आपल्या मापाचे हवेत



आपल्या घरात शिळे अन्न चालत नाही. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे आपल्याला तोंडपाठ असते. मर्यादा संपलेले पीठ आपण कोणाच्या पानात वाढत नाही, स्वतःही खात नाही. पायांच्या बाबतीत मात्र ही काटेकोर बाई कुठे जाते, कळत नाही. नातीला लहान झालेले बूट आजीला, मुलाला रंग आवडला नाही म्हणून पडून राहिलेले आईला, सुनेने ऑनलाइन मागवले आणि परत करायची मुदत संपली ते सासूबाईंना. पुढे सैल होतात तर बोळा कोंबायचा, घट्ट होतात तर “वापरून सैल होतील” म्हणायचे. घरातल्या प्रत्येकाचा बूट त्याच्या मापाचा आणि आपला तेवढा उरलेला.

माझे मत स्पष्ट आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने चालण्याचा एक जोड स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या पायाचे माप देऊन घ्यावा. यात चैन नाही, आणि परिग्रह तर अजिबात नाही. आपण चामडे वापरत नाही, त्यामुळे मापाकडे इतरांपेक्षा जास्तच लक्ष द्यायला हवे. ते का, ते पुढे सांगते.

परिग्रहाचा मुद्दा

हा विषय काढला की मंडळात पहिला आक्षेप हाच येतो. “आता या वयात कशाला नवे बूट? आहेत की चपला.” आहेत, हे खरे. घरातल्या चपलांच्या कपाटासमोर उभे राहून आपले जोड मोजा. लग्नातली सोनेरी चप्पल, एकावर एक फुकट म्हणून घेतलेल्या दोन सँडल, पावसाळी, बाथरूमची, मंदिराची, आणि ते मुलाचे बूट. सहा-सात जोड सहज निघतील. त्यांतला कोणता घालून तुम्ही तीन किलोमीटर न दुखता चालू शकता? बहुतेकींचे उत्तर “एकही नाही” असेल.

परिग्रह परिमाण म्हणजे वस्तूंची मर्यादा ठरवणे. गरजेची वस्तू टाळून बिनगरजेच्या सहा सांभाळणे असा त्याचा अर्थ नाही. पायाला न बसणारे सात जोड परिग्रह आहेत, आणि कशाच्याही उपयोगाचे नाहीत म्हणून त्यांच्या निर्मितीत झालेली हिंसा निष्प्रयोजन. आपल्या शास्त्रात त्याला अनर्थदंड म्हणतात. नीट बसणारा एक जोड घेतला आणि बाकीचे कमी केले तर आपली मर्यादा उलट कमीच होते.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय समाधान होत नाही. समजा ३,००० रुपयांचा जोड घेतला. रोज ३ किलोमीटर, महिन्यात २५ दिवस चालणे. महिन्याला ७५ किलोमीटर झाले. धावण्या-चालण्याच्या बुटाचा तळ साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो असे धरतात. ७५० धरले तर दहा महिने, म्हणजे २५० दिवस. दिवसाला १२ रुपये पडले. आता दुसरा हिशेब. ९०० रुपयांची सँडल सेलमध्ये घेतली, अंगठ्याला लागायला लागली, वीस वेळा घालून कपाटात गेली. दर वापराला ४५ रुपये. स्वस्त कोणते पडले?

आणि “चांगले आहेत, जपून ठेवते” हा मोहही सोडा. अनेक बुटांचा मऊ तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही आतून कुजतो. चार-पाच वर्षे खोक्यात जपलेला जोड लग्नाच्या दिवशी घातला आणि मांडवात तळाचा भुगा झाला, असे पुष्कळ घरांत घडलेले असते. बूट जपायचा नसतो, वापरायचा असतो.

चामडे नाही म्हणूनच माप

आपण दुकानात गेल्यावर एकच प्रश्न विचारतो, “यात चामडे नाही ना?” “नाही ताई, प्युअर रेक्झिन आहे,” असे उत्तर आले की आपण पैसे देऊन मोकळ्या होतो. अहिंसेचा प्रश्न विचारलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण खरेदी तिथे संपत नाही, सुरू होते.

आपल्या भागातली कोल्हापुरी चप्पल आठवा. खरी कोल्हापुरी चामड्याची. सुरुवातीला कडक असते, चावते. मग लोक तिला तेल पाजतात, ती आठवडाभरात मऊ होते, पायाचा आकार घेते. चामड्याचा हा गुणच आहे. ते थोडे ताणते आणि पायाप्रमाणे बसते. “वापरून सैल होईल” ही म्हण त्या काळची, त्या वस्तूची. आपण चामडे सोडले पण म्हण सोडली नाही. रेक्झिनची कोल्हापुरी कितीही तेल पाजा, ती तशीच राहते. कृत्रिम चामड्याचा बूट फारसा ताणत नाही, फार ताण आला तर घडीवर चिरतो. पहिल्या दिवशी जिथे लागले तिथे तो शेवटच्या दिवसापर्यंत लागणार. म्हणून माझे म्हणणे असे, की चामड्याचा बूट घेणाऱ्याने मापात थोडे इकडेतिकडे केले तर एक वेळ खपेल, आपल्याला ती सवलत नाही. दुकानात जो बसला नाही तो घरी बसणार नाही.

चामडे ओळखायचे कसे, तेही सांगते, कारण विक्रेत्यालाही नेहमी माहीत असते असे नाही. ‘स्यूड’, ‘नुबक’, ‘नापा’, ‘फुल ग्रेन’ ही सगळी चामड्याचीच नावे आहेत. खेळाच्या बुटांमध्येही पुढच्या टोकाला किंवा बाजूच्या पट्ट्यांना स्यूड लावलेले असते, त्यामुळे वरून कापड दिसले तरी पट्ट्या बघा. ‘मेश’ म्हणजे जाळीचे कापड, ‘कॅनव्हास’ सुती जाड कापड, ‘पीयू’ कृत्रिम. काही बुटांवर किंवा खोक्यावर छोटी चित्रे असतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचे चित्र म्हणजे चामडे. विणलेल्या जाळीचे चित्र म्हणजे कापड. साधा चौकट आकार, पत्त्यांतल्या चौकटसारखा, म्हणजे इतर कृत्रिम वस्तू. कातड्याच्या चित्रात आत चौकट असेल तर ते वरून थर दिलेले चामडे, म्हणजे चामडेच. वरचा भाग, आतले अस्तर आणि तळ यांची चित्रे वेगवेगळी असतात, तिन्ही बघा. हल्ली लोकरीचेही बूट निघाले आहेत, लोकर टाळणाऱ्यांनी तेही विचारावे.

राहिला डिंकाचा, म्हणजे चिकटवण्याच्या पदार्थाचा प्रश्न. आजच्या खेळाच्या बुटांत बहुतेक कृत्रिम गोंद असतो, पण तो या चित्रांत दाखवलेला नसतो. ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारावे. बुटावर ‘व्हीगन’ लिहिलेले असेल तर काम सोपे होते.

माप कसे घ्यायचे

हे काम घरी, दहा मिनिटांत होते. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावून उभ्या राहा. बसून माप घेऊ नका, कारण उभे राहिल्यावर वजनाने पाऊल पसरते आणि चालताना आपण बसलेल्या नसतो. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढायला सांगा. दोन्ही पायांची काढा. बहुतेकींचा एक पाय किंचित मोठा निघतो. बूट त्या मोठ्या पायाचा घ्यायचा. सर्वांत लांब बोट कोणते तेही बघा, अनेकींचे अंगठ्याजवळचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते. माप तिथपर्यंत धरायचे.

हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवा. दुकानात बुटातला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढायला सांगा आणि तुमच्या कागदावर ठेवा. पावलाची रेघ इनसोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट घालून बघायचीही गरज नाही.

जुन्या नंबरावर विसंबू नका. वयाबरोबर पावलाचे बंध सैल पडतात, कमान थोडी खाली बसते, पाऊल लांब-रुंद होते. बाळंतपणातही हे होते. पंचवीस वर्षांपूर्वी ‘चार’ लागत होता म्हणून आज चारच लागेल असे नाही. कपड्यांचा नंबर वाढला तर आपण शिंप्याला सांगतो, बुटाचा वाढला तर लाजतो, यात काय अर्थ आहे? शिवाय नंबराच्या पद्धती वेगळ्या. आपल्याकडे बहुतेक ब्रिटिश नंबर चालतो, त्यातला एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. ब्रिटिश ५ युरोपच्या ३८ च्या आसपास असतो, अमेरिकेत बायकांचा तो ७ च्या आसपास होतो. मुलगी परदेशातून बूट पाठवणार असेल तर तिला नंबर कळवू नका, पायाची सेंटिमीटरमधली लांबी कळवा.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांची पावले युरोपीय लोकांपेक्षा रुंद असतात असे त्यात दिसले, आणि त्यावरून ‘भा’ नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे परदेशी साच्यावर बनलेला बायकांचा निमुळता बूट आपल्या चवड्याला आवळतो, यात दोष आपल्या पायाचा नाही. रुंदीला लागतो म्हणून एक नंबर मोठा घेतला तर लांबीला सैल होतो, टाच निसटते, पाय पुढे घसरतो आणि नखे आपटून काळी पडतात. त्यापेक्षा ‘वाइड’ मिळतो का विचारा. नाही मिळाला तर त्याच ब्रिटिश नंबराचा पुरुषी बूट घालून बघा. तो रुंदीला जास्त असतो. राखाडी किंवा निळा घेतला तर कोणाला कळणारही नाही, आणि कळले तरी काय बिघडले?

दुकानात

दुपारी चार वाजता जा. दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. आपल्याला सूर्यास्ताआधीच्या जेवणाची घाई असते म्हणून आपण अशी कामे सकाळीच उरकतो. चारला निघालात तर दोन्ही साधते. जे मोजे घालून चालणार तेच घेऊन जा.

दोन्ही पायांत बूट घाला, नाड्या पूर्ण बांधा आणि उभ्या राहा. लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. बोटे आत हलली पाहिजेत. चवड्याचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागात बसला पाहिजे. टाच वर निसटता कामा नये. मग बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध घडी पडत असेल तर पावलाला आधार नाही. मागचा टाचेचा भाग दाबून बघा, तो सहज चुरगळला तर टाच डुगडुगणार. शेवटी पाच मिनिटे चाला. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. फोनवर बोलायचे सोडून तुमच्याकडे बघायला त्याला पगार मिळतो.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी दोन वाक्ये वेगळी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर घट्ट बूट घट्ट वाटतच नाही, आणि झालेला फोड दुखतही नाही. म्हणून “मला तर छान वाटतात” यावर जाऊ नका. कागदाच्या मापावर जा, डॉक्टरांना पाय दाखवा आणि चालून आल्यावर रोज तळवे बघा.

साडी, मंदिर आणि ईर्यासमिती

“साडीवर बूट कसे दिसतील?” असे विचारणाऱ्या मैत्रिणींना मी विचारते, गुडघ्याची पट्टी साडीवर कशी दिसते? अंगठा धरून चालवायची चप्पल बोटांनी सतत पकडून ठेवावी लागते. ओल्या फरशीवर, पायरीवर ती पायातून निसटते. आपल्या वयात पडण्याचा अर्थ काय असतो ते प्रत्येक घराने पाहिलेले आहे.

दुसरी अडचण खरी आहे. मंदिरात जाताना रोज बूट काढणे-घालणे. म्हणूनच आपण वर्षानुवर्षे चपलेवर राहिलो. त्याला उपाय आहे. नाडीऐवजी वेल्क्रोचा बूट घ्या, सोबत लांब दांड्याचा शूहॉर्न ठेवा. आणि मंदिराच्या समितीला सांगून चपला ठेवायच्या जागी एक बाक ठेवून घ्या. एका पायावर उभे राहून, भिंतीला धरून बूट ओढणाऱ्या आजी बघितल्या की माझ्या पोटात गोळा येतो. कळसाला, कमानीला देणगी देणारे पुष्कळ असतात. एक बाक कोणीतरी द्यावा.

आता धर्माचा धागा. मुनी आणि आर्यिका माताजी चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. आपण श्रावक, आपल्याला तेवढे जमत नाही, पण भान ठेवता येते. बूट दुखत असला की सगळे लक्ष पायात असते, जमिनीवर नसते. नीट बसणाऱ्या बुटात पाय विसरता येतो आणि नजर वाटेवर राहते. तळ घसरणारा नको, पण खोल खाचांचाही नको, त्यात चिखल आणि जीव अडकतात. आपण पावसाळ्यात हिरवळ टाळून पक्क्या रस्त्याने चालतो, त्याला उथळ खाचांचा आणि मऊ गादीचा तळ पुरतो. आणि घालण्यापूर्वी बूट हलकेच उलटा करून आत बघायची सवय लावा. आत बसलेली मुंगी वाचेल, खडा असेल तर आपला पायही वाचेल.

“पण खरी यात्रा तर अनवाणी करतो ना आपण?” हो, आणि म्हणूनच हे सगळे. शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची, चढ-उतारासह. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या, दगडात कोरलेल्या, अनवाणी. तिथे जो पाय चालतो तो घरून तयार होऊन येतो. वर्षभर आवळलेल्या बुटात अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेले, बोटांवर कुरुपे झालेली, टाच दुखरी, असा पाय घेऊन गेलेल्या बाईला डोली करावी लागते. डोलीत बसून वंदना होते, त्यात कमीपणा नाही. पण जिला स्वतःच्या पायांनी जाता आले असते तिला निव्वळ बुटापायी डोली लागावी, याचे मला वाईट वाटते.

शेवटचा महामस्तकाभिषेक २०१८ साली झाला. बारा वर्षांचा क्रम धरला तर पुढचा २०३० ला येतो. माझ्या वयाच्या बायकांना त्यानंतरचा गृहीत धरता येत नाही. गोमटेश्वराच्या चरणांशी आपल्या पायांनी पोहोचायचे असेल तर तयारी आजच्या फिरण्यापासून सुरू होते.

म्हणून या रविवारी कपाट रिकामे करा. न बसणारे जोड बाजूला काढा. ते देताना मात्र एक पथ्य पाळा. कामाला येणाऱ्या ताईंना “हे घे, होतात का बघ” म्हणून देऊ नका. त्यांनीही का उरलेले घालावे? दिवसभर उभ्या त्याच असतात. आपला कागद काढाल तेव्हा त्यांच्याही पायाचा काढा. बसणारा जोड असेल तर द्या, नसेल तर दिवाळीला त्यांच्या मापाचा नवा आणा.

आणि मंगळवारी चार वाजता दुकानात जा, घरच्यांना सांगून, एकट्या किंवा मैत्रिणीला घेऊन. मुलाला “तू येताना घेऊन ये” म्हणू नका. पाय तुमचे आहेत.

जय जिनेंद्र.